लेखक अ, लेखक ब

मंगळवारी दुपारी गिरणीचा भोंगा होऊन गेल्यावर मिल्कानं टपालानं आलेलं प्रूफांचं पुडकं सोडलं, आणि एकोणचाळिसाव्या पानासमोरच्या चित्रात तिला आपलंच अक्षर दिसलं. आपलं म्हणजे आताचं नव्हे. नऊ वर्षांच्या, नाक ओढत, मान तिरपी करून लिहिणाऱ्या पोरीचं. रस्त्यात एखाद्या परक्या पोरीच्या अंगावर आपलं जुनं परकर-पोलकं दिसावं, तसं तिनं ते ओळखलं. मग तिनं पुडक्याच्या सुतळीची गुंडी करून डब्यात टाकली, कारण सुतळी फेकायची नाही असा त्या घरचा नेम. चुलीवरचं दूध वर यायला लागलं होतं ते उतरवलं, आणि परत येऊन बसली. अक्षर तिथंच होतं. शेजारच्या रकान्यात दुसरं अक्षर होतं, ठाम, काळंभोर, एकेक अक्षर पाटावर बसल्यासारखं. ते सिपोराअक्काचं. अक्काला जाऊन बत्तीस वर्षं झाली होती. मिल्काला काही वाटलं नाही. काहीतरी वाटायला हवं एवढं मात्र तिला कळत होतं; दाढ बधिर केल्यावर डॉक्टर चिमटा घालतो तेव्हा तो घातलाय हे जसं कळतं, तसं.

पुस्तक प्रोफेसर एलिजा कोर्लेकरांचं. ते मुंबईच्या एका कॉलेजात हिब्रू शिकवायचे, आणि मिल्कासारखेच बेने इस्राएल, इथले मराठी बोलणारे यहुदी. म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ज्यांना कोकणात शनवार तेली म्हणत, आणि सोलापुरात काय म्हणावं ते न कळून लोक ‘ते रेल्वेतले’ म्हणत. सोलापुरात त्यांची चौदा घरं. कुणी पलटणीतून पेन्शनीवर आलेला, बहुतेक रेल्वेत चिकटलेले, एक दवाखान्यात कंपौंडर. रेल्वे लाइनीमागं भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांची मशीद. प्रार्थनेच्या जागेला ते मशीदच म्हणत, त्यामुळं शेजारची हुसेनबी पहिल्यांदा ऐकून खूश झाली होती आणि पुढं आठवडाभर गोंधळात होती. त्या मशिदीची एक पत्र्याची पेटी होती. देवाचं नाव लिहिलेलं पान फाटो, विटो, वाळवीच्या तोंडी जावो, ते जाळायचं नाही, फेकायचं नाही, वाण्याच्या पुडीला तर नाहीच नाही. पेटीत घालायचं, आणि पेटी भरली की माणसासारखं कबरस्तानात पुरायचं. ही पेटी मिल्काच्या बाबांच्या, इसाजी हवालदारांच्या ताब्यात होती. त्यांनी ती तीस वर्षं भरू दिली आणि पुरली नाही. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि त्यांना विचारायची छाती चौदा घरांत कुणाची नव्हती. तीन वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा मिल्का विषमज्वरानं अंथरुणाला खिळलेली. त्याच दिवसांत प्रोफेसर जुन्या वस्तूंच्या शोधात सोलापूरला आले, आणि मिल्काच्या नवऱ्यानं, दनिएलनं, आनंदानं पेटी त्यांच्या टांग्यात ठेवली. तळाशी कातड्याची अकरा पानं निघाली.

तेव्हापासून दोघांचं काम टपालानं चाले. प्रोफेसर तळहाताएवढे फोटो पाठवायचे. जिथं कातडं फाटलंय, शाई उडालीय, तिथं काय असावं हे मिल्का सकाळच्या उन्हात अंगणात बसून बघायची आणि कार्डावर लिहून कळवायची. तिची शाळा मराठी तिसरीपर्यंत. हिब्रू तिची तीच शिकली होती, समोरासमोर मराठी अर्थ छापलेल्या प्रार्थनेच्या पुस्तकावरून, ज्वारी निवडताना, भाकरी भाजताना. पहिल्या पत्रावर प्रोफेसरांनी ‘विदुषी मिल्काबाई यांस’ असं लिहिलं तेव्हा तिनं ते पाकीट उलटंपालटं करून, चुकून दुसऱ्या कुणाचं तर आलं नाही ना, हे बघितलं होतं. पुढं सवय झाली. छापखान्यातला जुळारी हिब्रू ओळी उलटीकडून लावायचा, मोटेला बैल उलटे जुंपावेत तशा. त्या ओळी सुलट करायचं कामही हळूहळू तिच्याकडं आलं. कातड्याचं चौथं पान मात्र तिनं कधी बघितलंच नव्हतं. ते अख्खं होतं, स्वच्छ वाचता यायचं, म्हणून त्याचा फोटो तिला पाठवायचं प्रोफेसरांना कारण पडलं नव्हतं.

तिनं चित्राखालचा मजकूर वाचला. ‘चौथ्या पानावर दोन हात स्पष्ट दिसतात. लेखक अ हा अतिवृद्ध असावा. रेषेला कंप आहे, ओळी शेवटाकडं उतरतात. लेखक ब हा कसलेला, भरदार वयाचा पुरुष. निदान तीस वर्षांचा सराव असल्याखेरीज असं वळण येत नाही. कातड्याला आलेली विशिष्ट काळसर झाक पाहता हे लेखन नऊशे वर्षांहून अलीकडचं नाही.’ त्याखाली पाऊणभर पान एकच टीप. तोरातली, म्हणजे मूळ धर्मग्रंथातली, पिढ्यांची यादी आहे ती. अमका इतकी वर्षं जगला, त्याला मुलगे झाले, मुली झाल्या, आणि तो मेला. मग पुढचा, तोही मेला. लेखक अच्या रकान्यात एक पूर्वज जगतो, त्याला मुलंबाळं होतात, पण मरायचं राहून जातं. एकदम पुढच्याची हकीकत सुरू. प्रोफेसरांच्या मते हा प्रमाद नव्हे. हा पुरुष देह न ठेवता गेला असं मानणारी एखादी प्राचीन, लोपलेली परंपरा इथं डोकावते. मिल्कानं टीप दोनदा वाचली. भाषा छान होती. एका जागी जुळाऱ्यानं शब्द उलटा लावला होता, तो तिनं शिसपेन्सिलीनं सुधारला.

तो पूर्वज उंदरामुळं वाचला होता. बाबांच्या घरी, मोदीखाना भागातल्या त्या कौलारू दोन खोल्यांत, दुपारी जेवणं झाल्यावर दोघी बहिणी चटईवर बसायच्या. बाबांना मुलगा नव्हता. बायकांच्या हातचं सेफर, म्हणजे तोराची गुंडाळी, मशिदीत वाचायला चालत नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण ते म्हणायचे, ‘मुलाची वाट बघत बसलो तर अक्षर माझ्याबरोबर जाईल. चालायचं नाही ते चालायचं नाही. शिकायला काय हरकत हाय?’ पलटणीबरोबर फिरताना त्यांनी कुठूनसं आणलेलं एक जुनं सेफर, अतिशय जुनं, पार विटलेलं, त्यांनी कधीच पेटीत घातलं होतं. त्याच्या टोकाचा वीतभर रुंद कोरा तुकडा तेवढा कापून ठेवला होता. ज्यावर नाव नाही ते नुसतं कातडं, असा त्यांचा हिशेब. हिरडा, हिराकस, डिंक आणि दिव्याची काजळी यांची शाई आई घोटायची. त्या शाईनं तिचे हात लग्नकार्यातसुद्धा काळे असायचे. खिळ्यानं ओळी आखून बाबांनी उजवा रकाना मिल्काला दिला, डावा सिपोराला. सिपोरा तेरा वर्षांची. तिचं अक्षर बघून बाबा काही बोलायचे नाहीत, नुसते चष्मा काढून पुसायचे. मिल्काचं बघून म्हणायचे, ‘हे काय, मुंग्या चालल्यात की दवाखान्याला.’ आणि एका दुपारी आढ्यावरून टपकन एक उंदीर खाली पडला, मिल्काच्या दौतीशेजारी. मेलेला. बाबा उठले, त्यांनी शेपटीला धरून तो बाहेर नेला, आणि आई दाराशी जाऊन उभी राहिली. मिल्काला वाटलं, उंदीर तर मेलाय, एवढं काय. तिनं बोरू बुडवला आणि पुढं लिहायला लागली. पण पुढं म्हणजे कुठून, ते चुकलं.

चूक सापडली ती संध्याकाळी. सिपोरा पोट धरून हसली. ‘मिल्के, तुझा म्हातारा मेलाच न्हाई की गं. अजून बसलाय कुठंतरी भाकरी मागत.’ पण पानावर देवाचं नाव होतं. खोडता येत नाही, खरवडता येत नाही, तसंच टाकता तर नाहीच. असं पान कधीकधी चांगल्या माणसाच्या मयताबरोबर कबरीत ठेवायची रीत होती. बाबा म्हणाले, ‘राहू दे. आता जो पहिला जाईल त्याच्याबरोबर जाईल.’ सिपोरा म्हणाली, ‘आपल्या मशिदीतले रहमानकाका. लई खोकतात की.’ आईनं तिला पाठीत धपाटा घातला. रहमानकाका पुढं एकवीस वर्षं खोकले.

मिल्कानं डोळे मिटून बघितलं, पुढचं आठवतंय का. आठवत होतं, पण पाण्याखाली ठेवल्यासारखं. दिसायचं, आवाज यायचा नाही. प्लेगवाले आले. घरातलं सगळं अंगणात काढलं, भिंतींवर, भांड्यांवर, अंथरुणावर पंपानं कसलंसं औषध मारलं. पेटी उघडून तिच्यातही मारलं, एक गोरा सोजीर नाकाला रुमाल लावून बघत होता. ती प्रोफेसरांची नऊशे वर्षांची काळसर झाक. मग माळावर तट्ट्याच्या झोपड्या. दोघींना एकाच रात्रीत ताप भरला, दोघींच्या काखेत गाठ आली. मिल्का शुद्धीवर आली तेव्हा शेजारच्या खाटेवरचं कांबळं घडी करून ठेवलं होतं. नीट, कोपऱ्याला कोपरा लावून. एवढंच. छावणीतली मयतं सरकारी माणसं चुना टाकून मिटवायची. बाबांना जवळ जाऊ दिलं नाही, आणि पान गावात, पेटीत, कुलपात. शेजारच्या झोपडीत कमलम्मा नावाची विणकराची बाई होती, तिनं मिल्काच्या तोंडात पेज घातली आणि तेलुगूत काहीतरी म्हणाली. मिल्काला तेलुगू येत नव्हतं. तिला वाटलं, अक्काचं सांगतेय. न समजणाऱ्या भाषेत सांगितलं ते बरं झालं, असं तिला तेव्हा वाटलं की पुढं कधी, ते आता सांगता येत नव्हतं.

पुडक्यात पत्रही होतं. ‘गुरुवारी सकाळच्या गाडीनं येतो, संध्याकाळच्या मेलनं पुढं मद्रासला. शेवटची प्रुफं तेव्हा तुमच्या हातून घेईन. उन्हाळ्यात परदेशी विद्वानांच्या परिषदेत पुस्तक ठेवायचं आहे, आणि चौथं पान तिथल्या एका संग्रहालयानं काचेत ठेवण्यासाठी मागितलं आहे. आपली सारी इमारत त्या पानावर उभी आहे हे आपण जाणताच.’ मिल्का जाणत होती. बाकीची दहा पानं म्हणजे चिंध्या. चौथ्यावरून त्यांचं वय ठरवलेलं. चौथं काढलं की दहाही गेली, पुस्तक गेलं, त्या सरळ माणसाची वीस वर्षं गेली. आणि नाही काढलं तर अक्काचं अक्षर समुद्रापलीकडं काचेखाली, रोज कुणीतरी भिंगातून वाचणार, वाखाणणार. पण भरदार वयाच्या कुणा पुरुषाच्या नावावर, आणि तिच्या वाट्याची माती तिला कधीच न मिळता. गुरुवारपर्यंत सांगायचं की गप्प बसायचं, एवढं ठरवायचं होतं. मिल्कानं मनात एकदा सांगून बघितलं, एकदा गप्प बसून बघितलं. दोन्हींची चव एकच लागली, मीठ नसलेल्या पिठल्यासारखी.

दनिएल संध्याकाळी गुड्स ऑफिसातून आला, टोपी खुंटीला लावता लावता म्हणाला, ‘आलं का पुस्तक?’

‘पुस्तक न्हाई. प्रुफं.’

‘एकच की. सासऱ्यांचं नाव आहे ना त्यात?’

‘पान पाच. इसाजी, माजी हवालदार, सोलापूर.’

‘बघ.’ तो खाटेवर बसला आणि समाधानानं बूट काढायला लागला. ‘आमच्या हेडक्लार्कच्या टेबलावरच ठेवतो नेऊन. सतरा वर्षं झाली, दर दिवाळीला विचारतो, तुम्ही नक्की कोण हो, मुसलमान की ख्रिस्ती.’

‘मग तुम्ही काय सांगता?’

‘सांगतो, फराळाचं ताट आण, मग सांगतो.’ एक बूट हातात धरून तो थांबला. त्याचा आवाज जरा उतरला. ‘ते जाऊ दे. माझ्या दादाला मुंबईत त्या अरबी यहुदी शेठजींच्या मशिदीत काय केलं ते ठाऊक आहे ना तुला? प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ होते, आणि हा दहावा. तरी थांबले. अर्धा तास थांबले, त्यांच्यातला एक येईपर्यंत. आणि हा समोर उभा होता की गं, टोपी घालून. कुणी म्हणालं नाही, जा. नुसतं मोजलं नाही.’ त्यानं बूट खाली ठेवला. ‘नऊशे वर्षांपूर्वी आमच्यात असलं लिहिणारे होते, हे छापून आलं की मोजतील. झक मारत मोजतील.’

मिल्कानं चहा त्याच्यापुढं ठेवला. ‘समजा, त्यातलं एखादं पान तेवढं जुनं नसलंच तर?’

‘नसायला काय झालं? प्रोफेसर भिंगानं बघतो.’

‘समजा म्हटलं.’

‘समजायची ही तुझी खोड जुनीच. आपला येडू कराचीच्या गाडीत बसत होता तेव्हाही म्हणालीस, समजा तो परत आला नाही तर. आणि डोळ्यांत टिपूस नाही.’ तो चिडला नव्हता. लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर माणूस बायकोच्या पाठीवरचा तीळ सांगतो तसं त्यानं ते सांगितलं. मुलाचं नाव येदिद्या. सोलापूरच्या पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचा येडू केला आणि घरातही तेच राहिलं. मिल्का तेव्हा खरंच रडली नव्हती. बाबा गेले तेव्हाही नाही. तेव्हा ताप होता म्हणून कुणी बोललं नाही. ती भाकरी थापायला बसली. हात आपोआप चालत होते, तिच्याशिवाय, जसे नेहमी चालत.

बुधवारी ती सगळं पुस्तक वाचत बसली. एकोणचाळिसाव्या पानाशी आली की पुढं जायची आणि पुन्हा तिथंच असायची. हुसेनबी चटणी कुटून घेऊन आली, उंबऱ्यात टेकली. तिचा नवरा टांगा हाकायचा आणि ती सगळ्या रेल्वे लाइनीची खबर ठेवायची. ‘भाभी, दो दिन से पढ रही. इतना क्या हाय उसमें?’

‘मेलेल्या माणसांची यादी आहे.’

‘तोबा. हमारे मोहल्ले की?’

‘नाही गं. जगाच्या सुरुवातीची.’ मग मिल्कानं विचारलं, ‘हुसेनबी, मेलेल्या माणसाचं काम कुणी दुसऱ्याच्या नावानं लावलं, तर त्याला कळत असेल?’

हुसेनबीनं खलबत्त्यानं लाल झालेला तळहात बघत विचार केला. ‘मरे सो को क्या कळताय, भाभी. जिंदे को चुभताय.’ आणि उठता उठता म्हणाली, ‘चटणीत लसून जास्ती पडलाय, भाईसाब को बोलना नको.’ ती गेल्यावर मिल्कानं छातीवर हात ठेवून बघितलं. टोचत नव्हतं. आत एक बंद खोली असावी आणि तिच्याबाहेर आपण अनोळखी पाहुण्यासारखं उभं असावं, तसं काहीतरी होतं. खोली कुणाची, हेही तिला ठाऊक नव्हतं.

गुरुवारी प्रोफेसर आले. ठेंगणे, कोटाची बटणं चुकीच्या काजांत घातलेले, चष्म्याच्या घरात भिंग बाळगणारे. दनिएल कामावर गेला होता. त्यानं सकाळीच मटणाचं बघून ठेवलं होतं आणि हुसेनबीकडून दोन चांगले कप मागून आणले होते. प्रोफेसरांनी प्रुफं चाळली, मिल्काच्या पेन्सिलीच्या खुणा बघून मान डोलावली. ‘बाई, तुमच्याविना हे पुस्तक उलट्या ओळींचं झालं असतं.’ मग एकोणचाळिसावं पान उघडून त्यांनी ते जरा लांब धरलं, नातवाचा फोटो धरावा तसं. ‘खरं सांगू? वीस वर्षं कातडी हुंगत फिरलो, पण माझं मन बसलं ते या ब म्हाताऱ्यावर. मी लिहिताना भरदार वयाचा लिहिलंय, पण मला तो म्हाताराच दिसतो. पिकलेला. नातवंडं आजूबाजूला. असं अक्षर लिहिणारा माणूस शांतपणे, भरल्या घरात गेला असणार. मला त्याला एकदा भेटावंसं वाटतं.’

‘तेरा वर्षांची होती ती,’ मिल्का म्हणाली.

तिनं ठरवलं नव्हतं. भाजी किती शेर विचारल्यावर सांगावं तसं ते तोंडातून आलं. प्रोफेसरांनी कप बशीत ठेवला. मिल्का पुढं सांगत गेली, सपाट आवाजात, जुळाऱ्याच्या चुका सांगायची तसं. कोरा तुकडा, खिळ्याची आखणी, हिरडा आणि काजळी, पंपाचं औषध, उंदीर. मरायचा राहिलेला पूर्वज, आणि जो पहिला जाईल त्याच्याबरोबर कबरीत जायचं ठरलेलं पान. बोलताना तिला जाणवत होतं की समोरच्या माणसाचं एकेक वर्ष आपण उचलून बाजूला ठेवतोय, आणि तरी हात थांबत नाहीत. प्रोफेसर मध्ये मध्ये प्रश्न विचारत होते, बारीक, कामाचे. डिंक कसला, आखणी उजवीकडून की डावीकडून. एकदाच त्यांनी कपाळ पुसलं.

‘बाई,’ ते शेवटी म्हणाले, ‘तुम्ही खोटं का बोलाल, ते मला सुचत नाही. पण मी पुस्तक मागं घेतलं तर लोक विचारतील, एका बाईच्या शब्दावर? म्हणून हे विचारतो, राग मानू नका. तुम्ही लिहून दाखवाल? पेन्सिलीनं नको, तुमच्या पत्रातल्या त्या काड्यांवरून काही कळत नाही. बोरूनं. त्याच ओळी.’

बोरू घरात होता. चौदा घरांतल्या लग्नांचे करार मिल्काच लिहायची, खाली दनिएलचं नाव पडायचं. तिनं शाई आणली, एका प्रूफाची कोरी पाठ जमिनीवर पसरली आणि लिहिलं. अमका इतकी वर्षं जगला, त्याला मुलगे झाले, मुली झाल्या, आणि तो मेला. या वेळी ते राहू दिलं नाही. प्रोफेसरांनी कागद चित्राशेजारी ठेवला, भिंग काढलं, आणि एकेका अक्षरावरून इकडून तिकडं, तिकडून इकडं नेलं. ते इतक्या हळू बघत होते की मिल्काला त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता.

‘निःसंशय,’ ते म्हणाले. आवाज कोरडा होता, पण त्यात हरलेल्या माणसाचा प्रामाणिकपणा होता. ‘एकच हात. वळण तेच, दाब तोच, शेवटचा फटकारासुद्धा तोच. म्हणजे लेखक ब तुम्ही.’

‘नाही,’ मिल्का म्हणाली. ‘ब अक्का. मी अ.’

‘बघा तुम्हीच.’ त्यांनी भिंग तिच्या हातात दिलं.

मिल्कानं बघितलं. आपल्या ओल्या शाईतलं आणि चित्रातल्या डाव्या रकान्यातलं अक्षर. दोन्ही ठाम, काळी, पाटावर बसलेली. उजव्या रकान्यातल्या मुंग्यांशी त्यांचं दूरचंसुद्धा नातं नव्हतं. छावणीतून परत आल्यावर बाबांनी पुन्हा बोरू हातात धरला नाही. घरात राहिली होती ती अक्काची फुटकी पाटी, तिच्यावर अक्कानं सुईनं कोरलेली हिब्रूची बावीस अक्षरं; आई झोपली की मिल्का ती गिरवायची, खाचेतून बोट फिरवत, वर्षानुवर्षं, खाच बोटाला न लागेपर्यंत. शिकतेय असं तिला वाटायचं. आता भिंगाखाली ती त्या थरथरत्या रकान्यातली पोर शोधायला लागली, आणि तिच्या हातात ती कुठंच नव्हती. कुणी तिला कांबळ्यासारखी घडी करून ठेवली होती, कोपऱ्याला कोपरा लावून. आणि अक्काचा हात तेवढा उठून, पेज पिऊन, लग्न करून, येडूला जन्म देऊन, भाकऱ्या थापत इथपर्यंत आला होता.

‘ब तुम्हीच,’ प्रोफेसर हलक्या आवाजात म्हणाले. त्यांना वाटलं, लहानपणचं काम कबूल करायला बाई लाजतेय. ‘मग अ कोण?’

मिल्कानं भिंग खाली ठेवलं.

‘अ माझी धाकटी बहीण,’ ती म्हणाली. ‘नऊ वर्षांची होती. हात थरथरायचा तिचा.’

‘आणि ती...’

‘प्लेगात गेली. छावणीत.’

प्रोफेसरांनी प्रुफांतून एकोणचाळिसावं पान वेगळं काढलं, दुमडलं, कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. ‘पान मुंबईला माझ्या कपाटात आहे,’ ते म्हणाले. ‘ते कुठं जाणार नाही. मी स्वतः घेऊन येईन. जिथं द्यायचं होतं तिथं आता देता यायचं नाही, पण इथल्या कबरस्तानात देऊ. पुस्तकाचं मी बघेन. दनिएलरावांना मी सांगेन.’

मिल्का जमिनीवर बसलेलीच होती, लिहायला बसली होती तशी, आणि तिला उठता येईना. बेने इस्राएलात मयताच्या घरची माणसं सात दिवस जमिनीवर बसतात. भेटायला आलेला उभा राहून दोन शब्द बोलतो आणि मगच जातो. छावणीत कुणी बसलं नव्हतं. सरकारी माणसं दुसऱ्या दिवशी झोपडीच जाळून गेली होती. प्रोफेसरांनी तिच्याकडं बघितलं, पदर ओढून, गुडघे जवळ घेऊन बसलेल्या त्या चाळिशीतल्या बाईकडं, आणि त्यांना ते कळलं. बसणं तेवढं कळलं, कुणासाठी ते नाही. ते उठले. चुकीच्या काजांतल्या बटणांनिशी ताठ उभे राहिले, डोक्यावरची टोपी सारखी केली, आणि बत्तीस वर्षांपूर्वी गेलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीसाठी, रीतीप्रमाणे, आधी हिब्रूत आणि मग मराठीत म्हणाले, ‘वरून, आकाशातून, तुम्हाला सांत्वन मिळो.’

‘तुम्हालाही,’ मिल्का म्हणाली; आणि तिच्या हनुवटीवरून काहीतरी ओघळून हातावर पडलं, ते तिनं आधी शाई समजून पदरानं टिपलं.